कापलेले सात गुण

"पूर्ण गुण कुणाला देता येतात का, मास्तर?"

केतकीच्या आवाजात प्रश्न फारसा नव्हताच. उत्तर तिनं आधीच ठरवून टाकलं होतं.

इनास मास्तर खुर्चीत मागे टेकले. त्यांनी आपला ग्लास उचलला, नाकाशी नेला, डोळे मिटले... आणि तसेच बसून राहिले.

वसईतल्या त्यांच्या घरामागे केळीची वाडी होती. वाडीच्या कडेला, चिकूच्या सावलीत, एक जुनं लाकडी टेबल आणि दोन खुर्च्या मांडलेल्या. नाताळ जवळ आला होता. दुपार असूनही उन्हात बसावंसं वाटेल असा गारवा होता.

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी बिअर बनवण्यात घालवली होती, आणि ब्रुअरीतला प्रत्येक जण त्यांना मास्तरच म्हणे. केतकी राजवाडे त्यांच्याच हाताखाली शिकली. वास कसा घ्यायचा, घोट जिभेवर कुठं थांबवायचा, कधी गिळायचा आणि कधी नुसतंच गप्प बसायचं, हे तिला त्यांनी शिकवलं. त्यातलं गप्प बसणं तेवढं तिला जमलं नाही.

आता ती स्पर्धांमध्ये परीक्षक म्हणून बसायची. तिनं चांगले गुण दिले की ती बिअर प्यायला पुण्यामुंबईत रांगा लागत. तिनं नाक मुरडलं की मालक रात्रीतून कृती बदलत. आणि पन्नासपैकी पन्नास तिनं आजवर कुणालाच दिले नव्हते. याचा तिला अभिमान होता, आणि तो ती लपवतही नसे.

चार दिवसांपूर्वी मास्तरांचा फोन आला. कितीतरी वर्षांनी आला होता. त्या जुन्या बार्लीवाइनच्या शेवटच्या बाटल्यांतली एक उघडतोय, येऊन चाखून जा, एवढंच म्हणाले. केतकीला आतून बरं वाटलं. ज्यांनी शिकवलं त्यांनाच आता आपल्या गुणांची गरज पडली, असं तिच्या मनात आलं, आणि ते तिला गोड लागलं.

बार्लीवाइन हे नुसतं नावाला वाइन. असते ती बिअरच, पण नेहमीच्या बिअरपेक्षा दुपटीनं कडक, दाट, वर्षानुवर्षं मुरत ठेवण्यासारखी. मास्तरांच्या बार्लीवाइनमध्ये हॉप्सही भरपूर असत. हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवी फुलं. बिअरला कडूपणा देतात ती हीच, आणि तो रानातल्यासारखा ताजा वासही त्यांचाच.

केतकीनं सगळं रीतसर केलं. ग्लास उजेडात धरून रंग पाहिला, जुन्या तांब्याच्या हंड्यासारखा. ग्लास हलकेच फिरवला, वास घेतला. काकवी, भिजवलेले मनुके, संत्र्याची वाळलेली साल. घोट घेतला. आधी गोडसर दाटपणा, मग घशाखाली उतरत जाणारी ऊब. एकेक गोष्ट ती मोठ्यानं सांगत गेली आणि मास्तर मान हलवत गेले.

शेवटी तिनं आकडा सांगितला. त्रेचाळीस. हॉप्सचा वास उरला नाही म्हणून सात कापले, असंही सांगितलं. कडूपणा मागे थोडा रेंगाळतो, पण वास गेला तो गेलाच.

मास्तरांनी डोळे उघडले.

"ते सात कुणासाठी ठेवलेस?"

केतकीला आधी कळलंच नाही. मग ती हसली. गुण कुणासाठी ठेवत नसतात, जे कमी पडलं तेवढे वजा होतात, असं तिनं त्यांना समजावलं, एखाद्या नवख्याला समजवावं तसं.

मास्तरांनी ऐकून घेतलं. ग्लास पुन्हा नाकाशी नेला.

वाडीत कुठंतरी पाण्याचा पंप चालू होता. तो बंद झाला...

"ही बिअर आम्ही बनवली होती," केतकी म्हणाली. "मी आणि सलीलनं."

मास्तरांना ते ठाऊकच होतं. त्यांच्याच देखरेखीखाली बनली होती.

मग ती आपणहून सांगत गेली. सलील तिच्याबरोबर शिकायला होता. त्या दिवशी उकळी संपत आली तरी त्याला आणखी हॉप्स टाकायचे होते. ती म्हणत होती, पुरे झाले, कुणाच्या घशाखाली उतरणार नाही. तो म्हणत होता, ही मुरायला ठेवायची आहे, यातलं बरंचसं उडून जाणार, म्हणून आत्ताच जास्तीचं टाकायचं. दोघं भांडली. भांडताभांडता त्यानं मूठभर फुलं तिच्या तळहातावर ठेवली, स्वतःच्या हातांनी चुरडली आणि म्हणाला, हा वास लक्षात ठेव, बाटलीत राहणार नाही.

तळहात हिरवा, चिकट झाला होता. तिनं तो दोन दिवस नीट धुतला नाही. हे मात्र तिनं आजवर कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

पुढं सलील हॉप्सच्या शेतीचं काम शिकायला न्यूझीलंडला गेला. एका हंगामासाठी म्हणून गेला. मग दुसरा हंगाम आला. फोन रोज येई, मग आठवड्यानं, मग सणावारी. येत नाही असं त्यानं कधी म्हटलं नाही. येतो असंही बरेच दिवसांत म्हणाला नव्हता. तिच्यासाठी घरच्यांनी दोन स्थळं आणली, दोन्ही चांगली होती. दोन्ही वेळा तिनं काहीतरी उणं काढलं.

"कुठलाही ग्लास उचलला, की मी तोच वास शोधते," ती म्हणाली. "तो नसतो. मग मी गुण कापते."

मास्तरांनी ग्लास हलकेच फिरवला.

"हे थांबवायचं कसं, मास्तर?"

एवढं बोलून तिला एकदम हलकं वाटलं आणि लाजही वाटली. आली होती गुण द्यायला, आणि मागायला बसली. ती मास्तरांच्या तोंडाकडे पाहत राहिली. ते काहीतरी सांगतील, नेहमीसारखं एखादं तिरकं वाक्य टाकतील, म्हणून.

मास्तरांनी ग्लास नाकाशी धरला होता. डोळे मिटलेले. चेहरा असा, की कुणाची चाहूल घेताहेत.

तेवढ्यात तिला जळका वास आला.

आधी थोडासा, मग भपकाच. सुके बोंबील जळत होते. बिअरबरोबर खायला म्हणून मास्तरांनी ते मघाशी तव्यावर टाकून ठेवले होते. सुका बोंबील नुसता भाजतानासुद्धा शेजारच्या आळीला कळतं, आणि हा तर पार करपत होता. केतकीला वाटलं, आता उठतील.

मास्तर हलले नाहीत.

"मास्तर, बोंबील..."

"हं?"

"जळताहेत."

त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. खिडकीतून निळसर धूर बाहेर येत होता. तो त्यांना दिसला तेव्हा कुठं ते खुर्चीचे हात धरून उठू लागले. केतकी आधीच धावली होती. तिनं गॅस बंद केला, तवा मोरीत ठेवून पाणी सोडलं, मागचं दार सताड उघडलं. डोळ्यांतून पाणी येत होतं. धुरानंच येत होतं, पण ती तिथंच जरा वेळ उभी राहिली.

ती बाहेर आली तेव्हा मास्तर पुन्हा खुर्चीत बसले होते. हात मांडीवर.

"केव्हापासून?" तिनं विचारलं.

दोन पावसाळे झाले, म्हणाले. ताप आला होता. ताप गेला, पण जाताना वास घेऊन गेला. औषधं झाली, डॉक्टर झाले. परत येईल, नाही असं नाही, असं सगळे म्हणतात. कधी, ते कुणी सांगत नाही. तोंडालाही नुसतं कडू, गोड, खारट एवढंच कळतं. बिअर बनवणं त्यांनी सोडलेलं नव्हतं. वर्षातून एकदा जुन्या ब्रुअरीत जायचं, आणि हात सांगतील तसं करत जायचं.

केतकी खाली बसली. मघाचा तो त्रेचाळीसचा आकडा तिला आठवला, आणि तो सांगताना आपली मान किती ताठ होती, तेही आठवलं. मास्तरांना गुण नको होते. या बाटलीत काय उरलंय हे त्यांना जाणून घ्यायचं होतं, आणि विचारायला त्यांना दुसरं कुणी नव्हतं.

"मघाशी तू काकवी म्हणालीस..." मास्तर म्हणाले. "पुन्हा सांग."

तिनं ग्लास उचलला. या वेळी सावकाश वास घेतला.

आता आकडा नव्हता. काकवी म्हणजे कढईच्या काठाला धरलेली, थोडी करपलेली, असं तिनं सांगितलं. मनुके देवाच्या नैवेद्यातले नाहीत, तुमच्याकडे नाताळच्या केकसाठी महिनाभर रममध्ये घालून ठेवतात, तसले. साल संत्र्याची खरी, पण ती कुणीतरी सोलून खिडकीत विसरलेली. त्याच्या मागे ओल्या लाकडाचा वास. एवढं झाल्यावर ती थांबली, आणि मग म्हणाली, की अगदी तळाशी, असलं तर असेल, एक हिरवं काहीतरी आहे. धड सांगता येत नाही. कदाचित मलाच वाटतंय.

मास्तर पुढं झुकून ऐकत होते. माहेरहून आलेल्या माणसाकडून सासुरवाशिणीनं एकेक खबर विचारून घ्यावी, तसे मधूनच विचारत होते. केक ताजा की शिळा? लाकूड कसलं? आणि ते हिरवं... जवळ आहे, की लांब?

"लांब," केतकी म्हणाली.

बाटली संपत आली. जी उरली होती ती मास्तरांनी दोघांच्या ग्लासात अर्धी अर्धी ओतली. एक थेंब टेबलावर पडला, तो त्यांनी बोटानं पुसला. मग आपला ग्लास उचलला, नाकाशी नेला, डोळे मिटले, आणि मघासारखेच थांबून राहिले.

केळीची पानं वाऱ्यानं हलली आणि थांबली. मास्तर अजून तसेच होते.

केतकीच्यानं राहवेना.

"मास्तर, काहीच येत नाही... तर दर वेळी नाकाशी का नेता?"

मास्तरांनी डोळे उघडले नाहीत.

"एखाद्या दिवशी आलाच परत... तर घरी कुणी असायला नको?"