वेशीवरची डोण

एका राज्यात पाहुण्याआधी पाहुण्याच्या बैलांना मान असे. वेशीशी एक दगडी डोण होती. कुणाचीही गाडी आली, की राजा अरिंजय आपली गुरं घेऊन सामोरा जाई, आणि पाहुण्याचे बैल नि राजाची गुरं एकाच डोणीत तोंड घालून पाणी पीत. तेवढं झालं, की पाहुणा घरचा झाला. राजा असा लाघवी. सगळ्यांवर त्याचा जीव, पण चांदणी गाईवर अंमळ जास्तच.

एके दिवशी कालकेतू मांत्रिक आला. त्याने चांदणी मागितली.

"राज्य मागा. चांदणी नाही," राजा म्हणाला.

मांत्रिकाने डोणीतल्या पाण्यावर फुंकर घातली. "तुझ्या मायेच्या वाटेनेच रोग तुझ्या घरात शिरेल," म्हणाला, आणि धूर होऊन निघून गेला.

तेव्हापासून पाहुण्यांच्या बैलांमागून दुखणं आत येऊ लागलं. गुरांच्या तोंडून लाळ गळे, जिभेवर फोड येत, खुरं चिघळत. घरोघरी दुधाची भांडी पालथी पडली. चांदणी तेवढी अजून धडधाकट होती, आणि गाभण होती. तिच्या काळजीने राजाला अन्न गोड लागेना.

वेशीवरच्या कडुनिंबात एक साळुंकी राहत असे. राज्यात सर्वांत वयस्कर तीच, आणि सर्वांत फटकळही तीच. ती म्हणाली, "राजा, रडून फोड बरे होत नसतात. जळत्या डोंगराचा निखारा आण, गोठ्यांतला सडका कडबा जाळ. नागाच्या सरोवरातला चुना आण, गोठ्यांत पसर. तिसरं काम मग सांगेन."

डोंगराने निखारा मुकाट्याने दिला. सरोवरावरच्या सात फण्यांच्या नागाला फक्त पाठ खाजवून हवी होती. राजाने ती दिवस मावळेपर्यंत खाजवली. कडबा जळला, चुना पसरला, आजारी गुरं हळूहळू उभी राहिली. राजा खुशीत वेशीवर आला.

"आता जो पाहुणा येईल, त्याची गाडी बाहेरच थांबव," साळुंकी म्हणाली. "चंद्राची एक फेरी पुरी होईपर्यंत. मग शाप तुटेल. पाहुणा कुणीही असो."

"एवढंच ना?"

तोच वळणावर घुंगरं वाजली. गाडीत राजाची थोरली बहीण मृणालवती होती. आई गेल्यावर तिनेच त्याला घास भरवून वाढवलं होतं.

"अरू, किती रे वाळलास! आधी माझ्या सारंगला पाणी दाखव. उन्हातून आलाय बिचारा."

 डोण तर दोन पावलांवर होती.

"अक्का, गाडी आत आणू नकोस. इथंच थांब."

"माझ्या माहेरी माझ्या बैलाला पाणी नाही?" तिचे डोळे भरले. तिने कासरा ओढला आणि गाडी वळवायला घेतली.

आतून चांदणी हंबरली. तिचे दिवस भरत आले होते. राजाने क्षणभर मागे पाहिलं, मग तो वेशीबाहेर गेला, जू धरलं आणि सारंगच्या कपाळाला गाल टेकवला.

"शिवलास!" साळुंकी किंचाळली. "आता तुलाही आत जाता यायचं नाही."

"ठाऊक आहे," राजा म्हणाला, आणि बैल सोडू लागला.

बहीणभाऊ वेशीबाहेर राहिले. लोक भरल्या घागरी आणि शिधा दूरच्या दगडावर ठेवून परतत. मृणालवती दोन दिवस फुगून बसली. तिसऱ्या सकाळी सारंगच्या तोंडून लाळ गळली. ती बघत राहिली, मग भावाजवळ येऊन बसली.

"अरू, मी आत आले असते तर चांदणी..."

"भाकरी करपतेय, अक्का."

एका पहाटे चांदणी व्याली. राजा टाचा उंचावून भिंतीपलीकडे पाहू लागला, पण काही दिसेना.

"कालवड आहे," साळुंकीने फांदीवरून सांगितलं. "कपाळावर ठिपका. कान तुझ्यासारखेच, सुपाएवढे."

राजा तिथेच खाली बसून रडला. मृणालवतीने लहानपणी पुसायची तसं पदराने त्याचं तोंड पुसलं.

चंद्राची फेरी भरली. सारंग बरा होऊन वैरणीवर तुटून पडला. डोण दुभंगली, तिच्यातून काळा धूर निघाला आणि वाऱ्यावर विरला. मग राजाने नदीत अंग धुतलं आणि धावत जाऊन चांदणीच्या गळ्यात पडला. कालवडीने त्याला पहिली ढुशी दिली.

पुढल्या साली मृणालवती पुन्हा आली. वेशीशी येताच तिने आपणहून गाडी थांबवली, सारंगला कडुनिंबाखाली बांधलं आणि हाक मारली, "अरू, आले रे!"

राजा बाहेर येत होता. त्याच्या काखेत वळकटी होती, आणि डोक्यावर तवा.