पाठीला पाठ

"...मग यातला खरा योग कोणता, बुवा?"

शार्दूल खरवंडीकरांनी हा प्रश्न विचारला तेव्हा त्यांचा उजवा पाय मानेमागे होता.

तो तिथे असण्याला कारण होतं. भीमगिरबुवा म्हणाले होते, "मास्तर, काय काय येतं ते दाखवा तरी." आणि मास्तरांना सगळंच येत होतं.

पूर्णेकाठच्या टेकाडावरचा हा मठ. वैशाखातली सकाळ. मी आणि मठाची चूल सांभाळणारी केशरबाई ओसरीच्या टोकाला चिंचा फोडत बसलो होतो, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. कुणी वेगळं सांगितलं तर तो तिथे नव्हता असं समजा.

बुवा नेहमीप्रमाणे अंगणातल्या दगडी खांबाला टेकले होते. उन्हाळ्यात बुवा त्या खांबाभोवती फिरतात. सावली सरकली की बुवा सरकले. खालच्या गावात घड्याळं आहेत, पण लोक ती बुवांकडे बघून लावतात.

मास्तरांनी पाय खाली आणला.

"तापवलेल्या खोलीत करतात तो एक," ते म्हणाले. "घाम निघतो, अंग सैल होतं. श्वासाबरोबर न थांबता वाहत राहायचं, तो दुसरा. दम वाढतो. दोऱ्या, विटा, पट्टे घेऊन करतात, त्याने मणका रेषेत येतो. मग एकेका आसनात नुसतं पडून राहायचं, त्याने सांधे मोकळे होतात. सगळे शिकलो. सगळे शिकवतो."

"बाप रे," बुवा म्हणाले. त्यात थट्टा नव्हती.

"आणि योगनिद्रा. माझी योगनिद्रा नावाजलेली आहे. माझ्या आवाजाने हॉलभर माणसं घोरतात."

"आणि मास्तर?"

"मी जागा असतो. त्यांना उठवायला."

"घरी गेल्यावर?"

चिंचेच्या टरफलाचा आवाज मोठा वाटायला लागला, म्हणून मी हात थांबवला.

"दिवाळीपासून झोप नाही, बुवा." मास्तरांचा आवाज एकदम खाली आला. "डॉक्टरांनी गोळी दिली. ती झोपते, मी जागाच. डोळे मिटले की मी बघायला लागतो... खांदे सुटले का, जबडा सुटला का, झोप आली का. परवा वर्गात एका बाईंचा हात चुकीच्या बाजूला वळवला. त्या ओरडल्या म्हणून वाचल्या. पुन्हा असं झालं तर... मी शिकवणं सोडणार आहे. म्हणून विचारतो, यातला खरा कोणता? तेवढाच धरतो."

बुवा नुसते खांबाला टेकून राहिले.

मास्तरांना राहवलं नाही. "रागावू नका, पण तुम्ही बसताय ते चूक आहे. योग्याने टेकू नये. मणक्याने स्वतःचा भार स्वतः पेलायला हवा."

"अहो भाऊ," केशरबाई म्हणाली, "झाडावरून पडले होते बुवा. मणका गेलाय त्यांचा. टेकल्याशिवाय पळभर बसता येत नाही त्यांना. आणि दुसरं, इथं तोंडासमोर बसून प्रश्न विचारत नाहीत. पाठीला पाठ लावून विचारतात. मठाची रीत आहे."

मास्तर ओशाळले. पण रीत म्हटल्यावर उठले.

बुवाही निघाले. खांब सोडून, हातांवर सरकत सरकत, अंगणाच्या मधोमध आले. तिथे वडाची सावली होती, पण जाणारी होती.

दोघे पाठीला पाठ लावून बसले.

"विचारा आता," बुवा म्हणाले.

"खरा योग..."

"सावकाश."

"तुमची पाठ डावीकडे झुकलीय, बुवा."

"असेल. दिसतेय का?"

"नाही... जाणवतेय."

"मग जाणवू द्या."

मास्तरांची मान एकदा वळली, पण मागे बघता येईना. बुवांचे खांदे बघता येईनात, चेहरा बघता येईना. दुरुस्त करण्यासारखं समोर काहीच नव्हतं. फक्त नदीचं वाळवंट होतं, आणि त्यात एक म्हैस.

बुवांचा श्वास फार लांब होता. किती लांब, ते सांगितलं तर तुम्ही हसाल. एक श्वास आत जायला लागला तेव्हा केशरबाई चूल फुंकायला आत गेली, आणि ती चहा घेऊन बाहेर आली तेव्हा तो बाहेर पडत होता. त्या श्वासाबरोबर मास्तरांची पाठ उचलली जायची आणि खाली यायची, काठाला बांधलेल्या होडीसारखी.

"बुवा," मास्तर म्हणाले, "खरा..."

पुढचा शब्द आलाच नाही.

त्यांची मान मागे गेली. डोकं बुवांच्या खांद्यावर पडलं. तोंड उघडं राहिलं. आणि नावाजलेले योगशिक्षक शार्दूल खरवंडीकर घोरायला लागले.

केशरबाई हसणार होती. मग तिने बुवांचा चेहरा पाहिला आणि पदर तोंडावर धरला.

सावली निघाली.

बुवा हलले नाहीत.

ऊन आधी त्यांच्या पायांवर आलं, मग मांडीवर, मग छातीवर. मास्तरांच्या अंगावर बुवांचीच सावली होती, तेवढीच. वैशाखातलं ऊन आमच्याकडे कसं असतं ते काय सांगू. त्या दिवशी अंगणात सांडलेलं पाणी जमिनीला लागायच्या आधी उडून गेलं. केशरबाईने तांब्या पुढे केला. बुवांनी डोळ्यांनीच नको म्हटलं. घोट गिळला की पाठ हलते.

मी छत्री आणली. उघडली तर काड्या कुरकुरल्या. बुवांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ती तशीच खाली ठेवली.

तिकडे गावात गोंधळ उडाला. बुवा सकाळपासून एकाच जागी दिसतात म्हणून बाया शेतात भाकरी घेऊन निघाल्याच नाहीत. मग भुकेली माणसं चिडून टेकाड चढून आली. फाटकाशी पोचली आणि आपोआप चपला काढून उभी राहिली. कुणी कुणाला गप्प बस म्हटलं नाही. वडाच्या कावळ्यांनीसुद्धा त्या दिवशी भांडण मिटवलं असावं.

मोडलेल्या मणक्याचा म्हातारा अंगणाच्या मधोमध ताठ बसला होता. खांबाशिवाय. घाम हनुवटीवरून ठिबकत होता. श्वास तसाच, लांब, येत होता आणि जात होता.

माझ्या हातातली चिंच संध्याकाळपर्यंत हातातच राहिली.

केशरबाईने तुळशीपाशी दिवा लावला तेव्हा मास्तर जागे झाले.

पहिल्यांदा त्यांनी आभाळ पाहिलं. मग फाटकाशी अनवाणी उभी असलेली माणसं. मग आपल्या मागे हात लावून पाहिला. बुवांची ओली, तापलेली पाठ.

ते वळून बुवांसमोर आले. बुवांचं कपाळ उन्हाने लालभडक झालं होतं. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच कुणाचे खांदे पाहिले नाहीत, नुसतं पाहिलं.

"हा कुठला योग, बुवा? याचा फायदा..." ते मध्येच थांबले. हात जोडले गेले. "बुवा, दिवसभर माझा सगळा भार तुमच्यावर होता."

बुवा तांब्यातलं पाणी घटाघटा प्याले. तोंड पुसलं.

"माझ्यावर?" ते म्हणाले. "मी तर तुमच्या आधाराने बसलो होतो, मास्तर."