तो झेल कोणी घेतला?

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एका लहानशा गावात लेनर्ड नावाचे एक वृद्ध प्रशिक्षक होते. तिथल्या फुटबॉलमध्ये उंच उडी घेऊन चेंडू हातांनी झेलणं हे मोठं कौशल्य मानतात. तरुणपणी एका अंतिम सामन्यात लेनर्ड यांनी घेतलेला झेल गाव पन्नास वर्षं विसरलं नव्हतं. निवृत्तीनंतर ते गावातल्या तरुणांना खेळ शिकवत.

एकदा अंतिम सामना दोन दिवसांवर आला असताना त्यांचा सर्वांत गुणी शिष्य कॅलम याच्या डोक्यावर सरावात कुणाचा तरी गुडघा आदळला. त्याला उलटी झाली, थोडा वेळ समोरचं दुहेरी दिसलं. तरी आपण ठणठणीत आहोत, शनिवारी खेळणारच, असा त्याचा हट्ट होता. गावाचंही तेच म्हणणं होतं.

लेनर्ड यांनी वाद घातला नाही. कॅलमला क्लबच्या खोलीत नेऊन त्यांनी त्या जुन्या सामन्याची चित्रफीत लावली. पडद्यावर एक तरुण दोघांच्या खांद्यांवरून झेपावला, चेंडू घेऊन खाली आला आणि त्याने गोल मारला. लोक मैदानात धावले.

"हा कोण?" लेनर्ड यांनी विचारलं.

कॅलम हसून म्हणाला, "तुम्हीच की, सर."

लेनर्ड यांनी चित्र थांबवलं. तरुणाचे डोळे थेट समोर रोखलेले होते; पण त्यांत कोणीच नव्हतं.

"दुसऱ्या सत्रात माझ्या डोक्याला मार बसला," वृद्ध सावकाश म्हणाले. "त्यापुढचं मला काहीही आठवत नाही. शरीर तासभर खेळत राहिलं. घरी आईने दार उघडलं, तेव्हा मी तिला विचारलं म्हणे, तुम्ही कोण? लोक त्या झेलाचं कौतुक करतात, मी मान डोलावतो. पण हा मुलगा मला परका आहे. दर वर्षी ही फीत लावतो, तर तो असाच माझ्याकडे बघत असतो. शनिवारी तू खेळशील, कदाचित जिंकशीलही. तो विजय कोणाच्या वाट्याला येईल, ते मात्र मला सांगता येणार नाही."

कॅलमने पडदा बंद करायला सांगितलं.

शनिवारी तो मैदानाबाहेर गुरूंच्या शेजारी बसला. संघ एका गुणाने हरला. कॅलम आता पन्नाशीला आला आहे. त्या पराभवाचा क्षणन्क्षण त्याला आठवतो.