ढीग सरकारचा, खड्डा गावाचा

फार वर्षांपूर्वी, माळशेंद्र्याला जायला नुसती पायवाट होती, त्या काळातली ही हकिकत. तीन वर्षं पाऊस नव्हता. विहिरींच्या तळाशी सरडे फिरत होते. त्या साली यल्लूबाई वडारीण आपल्या गरोदर लेकीला, नागीला, घेऊन गावाबाहेरच्या माळावर पाल टाकून राहिली. दगड फोडणं हा तिचा पिढीजात धंदा. ती दगडाला कान लावायची आणि आत काय आहे ते सांगायची, असं म्हणतात.

सरकारनं दुष्काळी काम काढलं होतं. खडी फोडा, ढीग घाला, ढिगाच्या मापानं ज्वारी न्या. त्या ज्वारीवरच माणसं जगली. पण जो तो आपल्या दारापुढचा, आपल्या बांधावरचा दगड उकरून फोडायचा. दोन महिन्यांत ढीग देवळाच्या कळसाला लागला आणि गाव होतं तसंच कोरडं राहिलं. मग वरवरचे दगडही सरले. लोक बोचकी बांधू लागले. नागीला तर नववा लागलेला. गाव उठलं तर माझी लेक वाटेतच जाईल, एवढं एकच यल्लूबाईच्या मनात घोळत होतं.

एका सकाळी ती माळावरच्या खोलगटात गेली, खडकावर पालथी पडली आणि कान लावला. उठली ती थेट पारावर आली.

"पाटील, समद्यांनी त्या खोलगटातनंच दगूड काढा."

"का गं? तिथला दगूड ग्वाड हाय व्हय?" पाटील म्हणाले, आणि पारावरची सगळी माणसं हसली.

"दगूड सारखाच. पर तिथं खाली पानी वाजतंय, आन् दगूड काढला की मागं खड्डा ऱ्हातोय न्हवं? सरकारला ढीग पायजे. आपल्याला खड्डा पायजे."

हसणं जागीच थांबलं. पाटलांनी मुंडासं काढून डोकं खाजवलं. "आयला, आन् आमी दोन महिनं गावभर खळगं पाडत बसलो!"

दुसऱ्या दिवसापासून सगळं गाव खोलगटात उतरलं. दिवसभर सरकारची खडी फोडायची आणि काम सुटल्याची शिट्टी झाली की घरटी पाच पाट्या माती खड्ड्याच्या बांधावर टाकायची. त्या मातीला ज्वारी मिळत नव्हती. म्हातारे, आजारी, बाळंतपणाला आलेल्या बाया यांना काम झेपेना, म्हणून पारावर रांजण ठेवला. ज्वारी घेऊन जाणारा एक मूठ त्यात टाकून पुढं जायचा. नागीची भाकरी त्याच रांजणातली.

मग मामलेदार काम बंद करायचा हुकूम घेऊन आले. खड्डा बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "मंजुरी खडीची आहे. खड्ड्याची नाही."

यल्लूबाई पुढं झाली. म्हणाली, "सायेब, ढीग तुमचा, न्या. खड्डा तेवढा आमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. फकस्त पानी लागंस्तवर काम चालू ठिवा. माझी लेक चालू शकत न्हाई."

मामलेदार वहाणा काढून खाली उतरले. खडकावर हात ठेवला तर तळवा ओला झाला. वर येऊन त्यांनी हुकूम फाडला, वरच्या साहेबाला पत्र लिहिलं, पोलादी पहारी आणि सुरुंगाची दारू मागवली.

शेवटचा खडक मात्र सुरुंगालाही दाद देईना. यल्लूबाईनं पहार उचलली. तिकडं पालात नागीला कळा सुटल्या होत्या. सातव्या घावाला पालात बाळ रडलं आणि खडकातून पाणी उसळलं, दोन्ही एकाच क्षणी. पाणी इतकं उंच गेलं की काठावरच्या मामलेदारांचा फेटा भिजला, असं म्हणतात.

पाटील म्हणाले, "बाई, आता पाल मोड. घर बांध." खड्ड्याचं तळं झालं आणि त्याच्या काठाला पहिलं घर तिचं झालं. पुढं पुष्कळ म्हातारी झाल्यावर एका दुपारी ती तळ्याकाठच्या खडकाला कान लावून निजली, ती उठलीच नाही. थंडीतही तो खडक कोमट लागतो, असं म्हणतात.

आजही दर चैत्रात माळशेंद्र्यात तळ्याचा गाळ काढतात. पहिली पाटी तहसीलदार उचलतात, अनवाणी. दुसरी यल्लूबाईच्या घरातली सून. मग सारं गाव. रांजण अजून पारावर आहे आणि तो रिकामा कोणी पाहिलेला नाही. पाटी उचलायच्या आधी तहसीलदारांनी मोठ्यानं विचारायचं असतं, "खड्डा कोणाचा?"

आणि कडेवरच्या पोरांपासून काठी टेकणाऱ्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळे ओरडतात, "ढीग तुमचा, खड्डा आमचा!"