पाहुण्याचा शब्द

एका राज्यात समुद्रापार शिकलेली राजकन्या परत आली. तिचं नाव चित्रांगी. तिला वाटलं होतं, वेशीवर चौघडा झडेल, वडील आबासाहेब हत्तीवरून सामोरे येतील आणि आपण साऱ्या प्रजेला परकी विद्या शिकवू. वेशीवर कुणीच नव्हतं. दरबारात राजा स्वतःची जीभ चिमटीत धरून बसला होता आणि घशातून रागाचा आवाज काढत होता. राणी सोन्याच्या राशीवर झोपली होती. सेनापती रणधवल सैन्यासह डोंगरावर गेला होता, तो परतलाच नव्हता.

कमानीवरच्या राखी पक्ष्याने घडलं ते सांगितलं. चित्रांगी जिथे शिकली, त्याच धुक्याच्या बेटावरचा जादूगार सोनं घेऊन आला होता. त्याच्याकडे गाणारे पक्षी नसल्याने पहाट मुकी होती, म्हणून त्याला इथले सगळे पक्षी हवे होते. दरबार गप्प झाला, तेव्हा तो म्हणाला, "कुणीतरी बर्फ फोडा." सेनापती उठून सैन्यासह डोंगरावरच्या गोठलेल्या तळ्याकडे निघाला. राजा संतापून बोलू लागला, तेव्हा जादूगार म्हणाला, "जीभ धरा." आता काय करावं, असं राणीने सोन्याकडे बघत विचारलं, तर म्हणाला, "त्यावर झोपा." या राज्यात पाहुण्याचा शब्द अक्षरशः पाळायचा, असा पूर्वजांचा मंत्र होता. पाहुण्याच्या मनातलं घडेपर्यंत कुणी सुटत नसे. उत्तर न्यायला आपला हा न गाणारा राखी पक्षी ठेवून जादूगार निघून गेला. तेव्हापासून, सोनं इथे असेपर्यंत, रोज एक थवा सोन्याच्या मंत्राने समुद्रापार ओढला जात होता.

"मला ती भाषा येते," चित्रांगी म्हणाली.

"शब्द येतात," पक्षी म्हणाला. "एवढी वर्षं राहिलीस, राजकन्ये. ते लोक हे केव्हा म्हणतात, ते नाही ऐकलंस?"

चित्रांगीला पाठशाळेतली पहिली संध्याकाळ आठवली. अनोळखी मुली भिंतीला टेकून मुक्या बसल्या होत्या. त्यातली एक हसून म्हणाली होती, मीच बर्फ फोडते. आणि तिने चित्रांगीला विचारलं होतं, तुमच्या घरी काय जेवता?

ती डोंगरावर गेली. सैनिक तळं फोडत होते, तळं पुन्हा गोठत होतं. तिने घण उचलला नाही. "काका, गुडघा कसा आहे?" तिने विचारलं. रणधवल चपापला. मग म्हणाला, दुखतो बाई, थंडीत फार दुखतो. शेजारचा हसला, तिसऱ्याने घरचा विषय काढला, आणि घण हातांतून आपोआप गळून पडले.

राजाजवळ ती नुसती बसली; जीभ धरा, असं ते लोक गप्प राहा या अर्थी म्हणत. त्याचा हात तिने सोडवला नाही. ती गप्प राहिली, तसा त्याच्या घशातला आवाजही हळूहळू निवला. दरबार पूर्ण शांत झाला आणि चिमूट उघडली.

आईला तिने हाक मारली नाही; घाईने न ठरवता रात्र जाऊ द्यायची, तेव्हा ते लोक त्यावर झोपा म्हणत. सोन्याशेजारची रिकामी जमीन झाडून तिथे ती आडवी झाली, आणि सोनं घ्यावं की पक्षी राखावेत, हा प्रश्न उशाशी घेऊन झोपली. स्वप्नात तिला मुकी पहाट दिसली. तीत एक म्हातारा जादूगार झाडाखाली कान देऊन उभा होता.

उजाडलं, तेव्हा राणी उठून तिचे केस विंचरत होती.

"उत्तर?" पक्ष्याने विचारलं.

"सोनं परत ने," चित्रांगी म्हणाली. "पक्षी विकायचे नाहीत. त्याला म्हणावं, पहाट ऐकायची तर इथे येऊन राहा. आणि तो येईल, तेव्हा त्याचा शब्द पाळण्याआधी मी वेशीवर त्याला विचारीन, हे तुमच्याकडे केव्हा म्हणतात."

पक्षी उडाला, त्याच्या मागे सोन्याची रास हवेतून निघाली, आणि समुद्रावरून पहिला थवा परत येताना दिसला.