बोरूच्या ढलप्या

"उस्ताद, त्यालाच का?"

उस्ताद मुईन मान खाली घालून बोरू तासत राहिले.

"मी विचारतोय, नव्या बावडीच्या कमानीवरची कुराणातली आयत रैहाननंच का लिहायची? मी का नाही?"

"कमान एकच आहे, शुजा."

विजापुरात त्या काळी सुंदर अक्षर लिहिणाऱ्याला, म्हणजे खुशनवीसाला, सरदारासारखा मान होता. त्याचं अक्षर दगडात कोरलं गेलं की खाली त्याचं नावही कोरत. पण नाव घालायची इजाजत उस्तादांनी द्यायची. तिची वाट बघता बघता शुजाच्या मिशीत पांढरा केस आला होता. आणि इजाजत मिळाली कुणाला? त्याच्यामागून आलेल्या हबशी रैहानला.

कालपासून शुजाच्या घशाखाली घास उतरला नव्हता. रैहानचं अक्षर वाईट असतं तर तो पोटभर जेवला असता. पण ते चांगलं होतं... फार चांगलं होतं. दुखत होतं ते तिथंच.

"माझे आजोबा इराणातल्या तबरीझहून आले," शुजा म्हणाला. "ही कला आमच्या रक्तात आहे. त्याचा बाप बंदरावर विकलेला गुलाम. त्याचा आणि अक्षराचा संबंध काय?"

उस्तादांनी हातातला बोरू पुढं केला. टोक ताजं कापलेलं होतं, तिरकं.

"हा तिरका काप कुणी शोधला?"

शुजानं बोरूकडं पाहिलंच नाही. शागिर्दाला पहिल्या दिवशी सांगतात ते, विसरायची सोय नव्हती.

"आठवत नाही?"

"बगदादच्या... खलिफाच्या घरातल्या एका गुलामानं."

"आणि तू रोज सकाळी कसा कापतोस?"

"...तिरका."

"कागद कुठला वापरतोस?"

"दौलताबादचा."

"तिथल्या कागद करणाऱ्यांच्या वाडवडिलांना कुणी शिकवला?"

"समरकंदवाल्यांनी. आणि समरकंदवाल्यांना चिन्यांनी! मी काय मक्तबात मुळाक्षरं गिरवणारं पोर आहे का, उस्ताद?"

"पोर असतास तर बरं होतं. रडून मोकळा झाला असतास."

शुजाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तो ताडकन उठला आणि भिंतीवरच्या खुंटीची पिशवी काढून त्यानं उस्तादांपुढं आदळली.

"अक्षर दिसत नसेल तर कष्ट बघा. उचलून बघा ही पिशवी!"

त्या पिशवीचं असं होतं. खुशनवीस बोरू तासतो तेव्हा ज्या ढलप्या पडतात, त्या तो केरात टाकत नाही. ज्या लाकडानं अल्लाचं नाव लिहिलं, ते पायाखाली कसं येऊ द्यायचं? म्हणून प्रत्येकाची एक पिशवी असते. जन्मभर ती भरायची. आणि तो गेला की त्याच ढलप्या चुलीत घालून त्याच्या शेवटच्या अंघोळीचं पाणी तापवायचं.

शुजाची पिशवी टम्म फुगलेली. शेजारच्या खुंटीवर रैहानची... धुवून वाळत घातलेल्या टोपीसारखी लोळागोळा.

रैहानला त्याचंही हसू यायचं. "माझ्या पिशवीत उंदीर नांदतात की काय कोण जाणे," असं म्हणायचा. "जाऊ दे, मला गार पाणीच घाला. मढं थोडंच कुडकुडतंय!" सगळे शागिर्द हसायचे. शुजा जरा जास्तच जोरात हसायचा.

उस्तादांनी पिशवी उचलली. तळहातावर तोलली.

"जड आहे."

"आहेच!"

उस्तादांनी गाठ सोडली आणि पिशवी सतरंजीवर उलटी केली.

शुजाचा हात पुढं आला आणि हवेतच राहिला. रागाच्या भरात आपणच आपल्या दाराची कडी काढून दिली, हे त्याला आता कळलं.

शुजा फक्त इराणातून जहाजानं येणारे बोरू वापरायचा. लालसर, महागडे. रैहान डोणी नदीच्या काठचे कापून आणायचा, गव्हाच्या काडीसारखे फिकट. सतरंजीवर लाल ढलप्यांच्या ढिगात त्या फिकट ढलप्या लख्ख दिसत होत्या. थोड्या नव्हत्या.

उस्तादांनी एक उचलली. उजेडात धरली.

"तबरीझहून आली का ही?"

शुजानं हात मागं घेतला.

"शुजा."

"त्याच्या बैठकीखालच्या आहेत," शुजा जमिनीकडं बघत म्हणाला. "तो नमाजाला गेला की मी गोळा करायचो. पिशवीतल्याही काढायचो."

"आपली पिशवी जड व्हावी म्हणून?"

शुजानं ओठ चावला. हो म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण उस्तादांपुढं अर्धं सांगायची सवय त्याला नव्हती.

"नाही. त्याची रिकामी राहावी म्हणून."

बाहेर बावडीवर टाकीचे घाव पडत होते. त्यात रैहानचं हसणं ऐकू आलं. कुणा पाथरवटाला तो सांगत होता, "अरे मामा, दगड आहे तो, भाकरी नव्हे, एवढा थापटू नकोस!"

उस्ताद म्हणाले, "निवड."

"काय?"

"त्याच्या वेगळ्या कर. तुझ्या वेगळ्या."

शुजा गुडघ्यांवर बसला. वरवरच्या निवडणं सोपं होतं. लाल इकडं, फिकट तिकडं. पण ढिगाच्या तळाला जुन्या ढलप्या होत्या. त्यांना शाईचे हात लागलेले, दिव्याची काजळी बसलेली, कितीतरी उन्हाळे-पावसाळे त्यांनी एकमेकींना घासून काढलेले. सगळ्या एकाच काळपट रंगाच्या.

त्यानं एक उचलली, वास घेतला. दुसरी दाताखाली धरून पाहिली.

"ही कुणाची?" उस्तादांनी विचारलं.

"माझी... नाही, त्याची." शुजानं ती खाली ठेवली. "कळत नाही, उस्ताद."

"आणि ही?"

"कळत नाही!"

तो तसाच बसून राहिला. डोळ्यांतलं पाणी ढलप्यांवर पडू नये म्हणून त्यानं तोंड बाजूला फिरवलं. सवय होती ती, बोरूवाल्याची.

उस्तादांनी त्याला समजावलं नाही, रागावलेही नाहीत. शुजानं निवडलेले दोन्ही ढीग त्यांनी हातानं एकत्र केले. सगळ्या ढलप्या, एकही खाली न सांडता, पिशवीत भरल्या. रैहानच्या पिशवीत होत्या त्या चिमूटभरही वर घातल्या. गाठ मारली. मग उठून दोन खुंट्यांच्या मध्ये एक नवी खुंटी ठोकली आणि पिशवी तिला अडकवली.

"उस्ताद..." शुजा म्हणाला. "ही आता कुणाची?"

उस्ताद पुन्हा आपल्या जागी बसले. अर्धा तासलेला बोरू त्यांनी हातात घेतला.

"दोघांत जो मागं राहील, त्यानं दुसऱ्याच्या अंघोळीचं पाणी हिनंच तापवायचं. आणि ओतायच्या आधी आपला हात घालून बघायचा."