स्टिअरिंगच्या गळ्यातले हार

गाड्या बोलायच्या आणि माणसं मुकाट ऐकायची, त्या काळातली ही गोष्ट. खोटी वाटली तर जीपलाच विचारा.

गेनू ड्रायव्हरच्या म्हाताऱ्या जीपचं स्टिअरिंग इतकं जड झालं होतं, की वळण आलं की गेनू उभा राहून ते फिरवायचा. "आज दुरुस्त झाली नाही, तर उद्या भंगारात," असं म्हणत त्याने गाडी युनूस मिस्त्रीपुढे उभी केली.

"टायरांत हवा कमी असेल," स्टिअरिंग घाईघाईने म्हणालं. मिस्त्रीने हवा तपासली. भरपूर होती.

"मग खालचे सांधे गंजले असतील." मिस्त्री गाडीखाली शिरला. सांधे ग्रीसमध्ये न्हाऊन बसले होते.

"आमच्यावर ढकलतोस होय रे?" पुढचा टायर भडकला. "दसऱ्याला हार तुला आणि चिखल आम्हाला!"

स्टिअरिंगच्या पोटातल्या हॉर्नला राहवेना. "मिस्त्री, आमच्या दादांचा गळा बघा की! अकरा दसऱ्यांचे हार आहेत, एक काढू दिला नाही."

फुलं कधीच झडली होती, पण त्यांचे दोरे खालच्या दांड्याला करकचून आवळले होते. मिस्त्रीने कात्री काढली.

"अहो, माझी पूजा आहे ती!" स्टिअरिंग कळवळलं.

"पूजा की भंगार, बोल लवकर," गेनू म्हणाला.

दोरे सुटले आणि गेनूच्या एका बोटावर जीप गर्रकन वळली.

पुढच्या दसऱ्याला हार आला, तेव्हा स्टिअरिंग म्हणालं, "टायरला घाला. मला कुंकू पुरे."

टायर इतका लाजला, की हाराला चिखल लागू नये म्हणून त्या दिवशी एकूण एक खड्डा चुकवत चालला.